न्याहारी आधी, प्रश्न नंतर

ईस्टरआधीचा उपवासकाळ कसा पाळायचा, हे आम्हां वसईच्या कॅथलिकांना कोणी वेगळे शिकवावे लागत नाही. राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेतली की घरातला स्वयंपाक आपोआप बदलतो, शुक्रवारी क्रुसाच्या वाटेच्या भक्तीला देऊळ भरते, आणि एरवी रविवारखेरीज न दिसणारी माणसेही पहाटेच्या मिस्सेला, म्हणजे देवळातल्या उपासनेला, हजर असतात. पुनरुत्थानाचा रविवार, म्हणजे ईस्टर, उलटला, की सोमवारी पहाटे पहिल्या तीन बाकांपलीकडे कोणी नसते. पुनरुत्थानकाळ पन्नास दिवसांचा असतो, म्हणजे उपवासकाळापेक्षा तो मोठा आहे, ही गोष्ट मला लहानपणापासून ठाऊक होती. परंतु ते पन्नास दिवसही पाळायचे असतात, हे वयाच्या चौपन्नाव्या वर्षापर्यंत माझ्या मनात कधी आले नव्हते. २०२४ साली मी ते पहिल्यांदा पाळले, आणि त्या दिवसांत जे घडले ते जसे घडले तसे लिहून ठेवावे, असे मला वाटते.

त्या ईस्टरआधी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, माझी आई गेली. ती शिवणकाम करीत असे. आमच्या गावातल्या कितीतरी मुलींचे प्रथम ख्रिस्तप्रसादाचे (फर्स्ट कम्युनियनचे) पांढरे झगे तिच्या हातचे होते. शेवटची दोन वर्षे ती अंथरुणाला खिळलेली होती आणि तिचे सगळे काही माझ्या वहिनीने केले. सातव्या दिवसाच्या मिस्सेनंतर घरी नातेवाईक जमले असताना मी सर्वांसमोर वहिनींना म्हणाले, की आईला वेळेवर दवाखान्यात नेले असते तर ती आज असती. वहिनींनी काहीही उत्तर दिले नाही. दादाने मान खाली घातली. त्या दिवसानंतर मी माहेरच्या घरी पाऊल ठेवले नाही, आणि त्याचे कारण मी स्वतःला असे सांगत राहिले, की मला त्या घरात आईशिवाय जाववत नाही.

उपवासकाळाच्या शेवटच्या दोन आठवड्यांत आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) पवित्र वाचनाचा वर्ग चार संध्याकाळी झाला. ज्या पद्धतीला लॅटिनमध्ये लेक्सिओ दिविना म्हणतात, ती मठवासीयांची फार जुनी रीत आहे. बाराव्या शतकातल्या दुसऱ्या गिगो नावाच्या कार्थुसियन मठवासीयाने तिच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. ही रीत फक्त मठांपुरती राहू नये, सर्वच भाविकांनी पवित्र शास्त्र हाती घ्यावे, असा आग्रह दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी काढलेल्या दैवी प्रकटीकरणाविषयीच्या दस्तऐवजात धरला, आणि तिथे संत जेरोमचे वचन उद्धृत केले, की शास्त्राविषयीचे अज्ञान म्हणजे ख्रिस्ताविषयीचे अज्ञान. हे ऐकताना मला माझी आजी आठवली. तिच्या तरुणपणी मिस्सा लॅटिनमध्ये होत असे; घरात रोज तिन्हीसांजेला जपमाळ होई, आणि त्या जपमाळेवर तिने आयुष्याची सगळी संकटे निभावून नेली, परंतु तिच्या हातात बायबल मी कधी पाहिले नाही. तिच्या श्रद्धेला मी यत्किंचितही उणे लेखत नाही. मात्र तिला जे सहज उपलब्ध नव्हते ते माझ्या कपाटात लग्नात मिळाल्यापासून तसेच पडून होते, याचे मला त्या संध्याकाळी वाईट वाटले.

वर्ग घेणाऱ्या फादरांनी आम्हांला एवढेच सांगितले: पुनरुत्थानकाळातल्या रोजच्या वाचनांपैकी एकच निवडा, ते मोठ्याने दोनदा वाचा, जो शब्द किंवा जी ओवी अडकून राहील तिच्यापाशी थांबा, तिच्याविषयी प्रभूशी आपल्या घरच्या भाषेत बोला, मग पाच मिनिटे काहीही न बोलता बसा, आणि शेवटी वहीत दोन ओळींपेक्षा अधिक लिहू नका. वाचनाआधी कोणाचेही विवेचन वाचू नका, हे त्यांनी दोनदा बजावले. मला हे फारच थोडे वाटले. मी मनातल्या मनात त्यात भर घालण्याचे ठरवले, आणि पुढचे तीन आठवडे त्या भरीनेच माझे नुकसान केले.

पुनरुत्थानकाळातल्या मिस्सेची एक गोष्ट मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळली. या पन्नास दिवसांत पहिले वाचन जुन्या करारातून नसते. ते रोज नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांतून असते. पहिल्या आठवड्यानंतर शुभवर्तमान जवळजवळ रोज योहानाचे असते. म्हणजे एकीकडे प्रभू उठल्यानंतर त्याच्या माणसांनी काय केले ते वाचायचे, आणि दुसरीकडे प्रभूने त्यांना आधीच काय सांगून ठेवले होते ते ऐकायचे. गेलेल्या माणसाचे बोलणे आपल्याला तो गेल्यानंतरच पुरते कळू लागते, हे मी तेव्हा स्वतः अनुभवत होते, म्हणून ही मांडणी मला फार जवळची वाटली.

मी पहाटे पाचला उठून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसू लागले. ३ एप्रिलच्या बुधवारी अम्माऊसच्या वाटेवरचे वाचन होते. क्लयपा आणि त्याचा सोबती यरुशलेमहून निघून चालले आहेत, एक अनोळखी माणूस, म्हणजे उठलेला प्रभूच, त्यांच्या बरोबरीने चालू लागतो, वाटभर शास्त्राचा उलगडा करतो, आणि गाव जवळ आल्यावर तो पुढे जाण्याचा बेत दाखवतो. हे वाक्य मी इतक्या वर्षांत ऐकलेच नव्हते. तो पुढे जाणार होता. त्यांनी आग्रह केला म्हणून तो थांबला. संध्याकाळ झाली आहे, आता राहा, असे त्यांनी म्हटले, आणि दारात आलेल्या पाहुण्याला आपल्याकडे जसे म्हणतात तसेच ते मला ऐकू आले. मी वहीत लिहिले: राहा. त्या दिवशी चर्चगेटच्या गाडीत वसई रोडपासून अंधेरीपर्यंत उभी असतानाही तो शब्द माझ्यासोबत होता.

शुक्रवारी, ५ एप्रिलला, योहानाच्या एकविसाव्या अध्यायाचा पहिला भाग होता. शिष्य रात्रभर जाळे टाकून रिकामे परतत आहेत, किनाऱ्यावर कोणीतरी उभे आहे, जाळे उजवीकडे टाकायला सांगितल्यावर त्यात एकशे त्रेपन्न मोठे मासे येतात, आणि काठावर आल्यावर त्यांना निखाऱ्यांवर ठेवलेली मासळी आणि भाकर दिसते. ‘या, न्याहारी करा,’ एवढेच प्रभू म्हणतो. अर्नाळा-पाचूबंदरच्या परिसरात वाढलेल्या माणसाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही, असे मला वाटले, आणि तेवढ्यावर समाधान मानून मी वही मिटली. त्या दिवसाच्या नोंदीखाली मी घाईत आणखी एक ओळ लिहिली होती, आणि ती प्रार्थनेची नव्हती: वहिनींचा डबा परत करायचा.

तो डबा असा आला होता. त्याच आठवड्यात एका सकाळी स्टेशनवर माझा भाचा भेटला आणि त्याने माझ्या हातात स्टीलचा डबा दिला. ‘आत्या, आईने दिलाय,’ एवढेच तो म्हणाला. आत तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलांची चटणी होती. मी सकाळी न खाता गाडी पकडते, हे वहिनींना माहीत होते. मी तो डबा ऑफिसात खाल्ला, घासून ठेवला, आणि वहिनींना एक फोनसुद्धा केला नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून माझ्या वाचनाची गाडी रुळावरून घसरली. फादरांनी मना केलेले असूनही मी आदल्या रात्री फोनवर विवेचने वाचू लागले, ग्रीक शब्दांचे अर्थ शोधू लागले, आणि दोन ओळींऐवजी दोन पाने लिहू लागले. मला त्यात आनंद मिळत होता हे खरे आहे, आणि त्यातले काही पुढे उपयोगी पडले हेही खरे आहे. पण पहाटे मजकूर समोर आला की मी त्याच्याशी बोलण्याऐवजी त्याच्याविषयी बोलत असे. प्रार्थनेच्या पायरीवर मी पोहोचतच नव्हते. निकदेमाशी प्रभूचे बोलणे, गमलिएलाचा सल्ला, स्तेफनाचा मृत्यू हे सगळे त्या काळात येऊन गेले, आणि वहीत त्यांच्यावर पुष्कळ मजकूर आहे. आज वाचताना त्यातली एकही ओळ मला माझी वाटत नाही.

१८ एप्रिलच्या गुरुवारी प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायातला कूशी, म्हणजे इथिओपियाचा, अधिकारी आला. तो यरुशलेमहून परतताना रथात बसून यशया वाचत आहे, आणि फिलिप धावत जाऊन त्याचे वाचन ऐकतो. याचा अर्थ तो मोठ्याने वाचत होता. ‘तुम्ही वाचता ते तुम्हांला समजते का,’ या फिलिपाच्या प्रश्नावर तो म्हणतो, की कोणी वाट दाखवल्याखेरीज मला कसे समजणार. त्या दिवशी संध्याकाळी मी फादरांना भेटून सरळ सांगितले, की माझे वाचन म्हणजे परीक्षेचा अभ्यास झाला आहे. त्यांनी वही पाहायला मागितली नाही. उरलेले दिवस फक्त पहिले वाचन घ्यावे किंवा फक्त शुभवर्तमान घ्यावे, फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि पुन्हा मोठ्याने वाचायला लागावे, असे ते म्हणाले.

दोनच दिवसांनी, २० एप्रिलच्या शनिवारी, मी पहिले वाचन मोठ्याने वाचू लागले, आणि अर्ध्यावर माझा आवाज बंद झाला.

यापो नावाच्या बंदरात टबीथा नावाची एक शिष्या राहत असे. ग्रीकमध्ये तिला दुर्कस म्हणत. दोन्ही नावांचा अर्थ हरिणी. नव्या करारात शिष्य या शब्दाचे स्त्रीलिंगी रूप फक्त इथे, फक्त हिच्यासाठी येते. ती आजारी पडून मरण पावते, तिला स्नान घालून माडीवर ठेवतात, आणि जवळच्या लोद गावातून पेत्राला बोलावणे पाठवतात. पेत्र येतो तेव्हा गावातल्या विधवा रडत त्याच्याभोवती उभ्या राहतात, आणि दुर्कस त्यांच्यासोबत असताना तिने शिवलेली वस्त्रे त्याला दाखवू लागतात. पेत्र सर्वांना बाहेर पाठवतो, गुडघे टेकतो, प्रार्थना करतो, आणि मग प्रेताकडे वळून म्हणतो, ‘टबीथा, ऊठ.’ ती डोळे उघडते.

आईच्या अंत्यविधीच्या दिवशी आमच्या ओट्यावर नेमके हेच झाले होते. गावातल्या बायका येत होत्या, आणि कोणी सांगितले नसताना त्यांतल्या काहींनी घरून झगे आणले होते. ‘हा माझ्या मुलीचा, वीस वर्षांपूर्वीचा,’ असे म्हणत एकीने पांढऱ्या झग्याची किनार मला दाखवायला हात पुढे केला होता. मी तिच्याकडे पाहिले नाही. शवपेटी, फुले, फादरांची वेळ, कबरीची जागा या सगळ्यांत मी गुंतले होते आणि त्या बायकांचा मला त्रास वाटला.

त्या पहाटे मला शास्त्रातून सांत्वन मिळाले, असे मी लिहिले तर ते खोटे होईल. मला राग आला. टबीथाला उठवले आणि माझ्या आईला का नाही, हा प्रश्न मी मोठ्याने विचारला, आणि वहीत तेवढाच लिहिला. दुसऱ्या दिवशी चौथा रविवार, उत्तम मेंढपाळाचा रविवार होता. मिस्सेनंतर मी फादरांना वही दाखवली. टबीथाही पुढे कधीतरी पुन्हा मरण पावलीच असेल, असे एखाद्याने मला समजावले असते. त्यांनी तसे काही केले नाही. हाच उतारा आणखी काही दिवस वाचत राहा, आणि पेत्राकडे पाहू नको, माडीवर आणि ओट्यावर कोण कोण आहे ते पाहा, असे ते म्हणाले.

मी तो उतारा आठवडाभर वाचला. चौथ्या की पाचव्या दिवशी सदतिसाव्या ओवीतले ते लहानसे वाक्य माझ्यासमोर येऊन उभे राहिले: तिला स्नान घालून माडीवर ठेवले. कोणी स्नान घातले, त्याचे नाव हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकने लिहिलेले नाही. पेत्राचे नाव आहे, टबीथाचे दोन भाषांत आहे, पुढे ज्या चामडे कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी पेत्र राहतो त्याचेही आहे. ज्या हातांनी तिला शेवटचे स्नान घातले, त्यांची मात्र फक्त कृती आहे. आईला वहिनींनी दोन वर्षे रोज आंघोळ घातली होती. शेवटचीही त्यांनीच घातली. मी तेव्हा गाडीत होते. आणि त्या झगे घेऊन आलेल्या बायकांना आत बसवून, प्रत्येकीचा झगा हातात घेऊन पाहून, चहा देणाऱ्याही वहिनीच होत्या. हे मी पाहिले होते. पाहिलेले मला पाच महिन्यांनी दिसले.

तरीही मी गेले नाही. शास्त्रवाचनाने मन वळते आणि मग पाऊल आपोआप उचलते, असा माझा समज होता. माझ्या बाबतीत या दोहोंमध्ये तीन आठवड्यांहून अधिक काळ गेला.

त्या वर्षी पाचव्या रविवारी, २८ एप्रिलला, योहानाच्या पंधराव्या अध्यायातला खऱ्या द्राक्षवेलीचा उतारा होता, आणि तोच उतारा लगेच बुधवारी, १ मे रोजी, पुन्हा आला. महाराष्ट्र दिनाची सुट्टी असल्यामुळे मला वेळ होता. मूळ ग्रीकमध्ये त्या आठ ओव्यांत ‘राहणे’ हे क्रियापद सात वेळा येते, आणि दुसऱ्या दिवशीच्या तीन ओव्यांत आणखी तीन वेळा. अम्माऊसच्या दारात त्या दोघांनी वापरलेला शब्दही हाच आहे. तिथे माणसे प्रभूला म्हणतात, राहा. इथे प्रभू माणसांना म्हणतो, माझ्या ठायी राहा. रात्री फोनवर शोधलेल्या ग्रीकचा मला झालेला हा एकच खरा उपयोग.

द्राक्षाची वेल मी जवळून पाहिलेली नाही. आमच्याकडे पानवेल असे. लहानपणी वडिलांच्या वाडीत पाने खुडून त्यांच्या चवडी लावताना आम्हां भावंडांची सुट्टी जाई. खुडलेले पान ओल्या फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवले तर पुष्कळ दिवस हिरवे राहते. वेलीवरचे पान आणि टोपलीतले पान शेजारी ठेवले तर नवख्या माणसाला फरक सांगता येणार नाही. ‘माझ्यापासून वेगळे होऊन तुम्हांला काही करता येत नाही,’ हे वचन मी आतापर्यंत धमकीसारखे ऐकत आले होते, आणि माझ्याबाबतीत ते लागू नाही असेही मानत होते, कारण मी तर रोज मिस्सेला जात होते, रोज पहाटे वाचत होते, हिरवीगार होते. त्या बुधवारी मी फादरांनी सांगितलेली पाच मिनिटे सोडून जवळजवळ तासभर बसले. मी काही मागितले नाही. माझे हिरवेपण कुठून येते आहे, एवढाच विचार होता, आणि तो सुखाचा नव्हता.

पुढचे दोन आठवडे कोरडे गेले. वाचत राहिले, दोन ओळी लिहीत राहिले. सातव्या रविवारी, १२ मे रोजी, स्वर्गारोहणाचा सण झाला.

१७ मेच्या शुक्रवारी शुभवर्तमान उघडले तेव्हा मला आधी वाटले की पान चुकले. तो योहानाचा एकविसावा अध्याय होता, जो मी ईस्टरनंतरच्या पहिल्याच शुक्रवारी वाचला होता. मग लक्षात आले, की तेव्हा तो चौदाव्या ओवीवर थांबला होता आणि आज पंधराव्या ओवीपासून सुरू होत होता. न्याहारी झाल्यानंतर प्रभू पेत्राला तीनदा विचारतो, ‘तू माझ्यावर प्रीती करतोस काय?’ शुभवर्तमानात या दोन ओव्यांमध्ये श्वासभराचेही अंतर नाही. ख्रिस्तसभेने मात्र वाचनांच्या क्रमात त्यांच्यामध्ये सहा आठवडे ठेवले आहेत. न्याहारी पुनरुत्थानाच्या पहिल्या आठवड्यात, आणि प्रश्न पेंटेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणाच्या, दोन दिवस आधी.

मी ५ एप्रिलची नोंद पाहण्यासाठी वहीची पाने मागे उलटली, आणि तिथे ती ओळ होती: वहिनींचा डबा परत करायचा. डबा सहा आठवडे माझ्या फळीवर होता.

या अध्यायात आणखी एक शब्द आहे. प्रभूने ज्या निखाऱ्यांवर मासळी ठेवली होती, त्यांच्यासाठी योहान जो ग्रीक शब्द वापरतो, तो त्याच्या शुभवर्तमानात फक्त दोनदा येतो. दुसरी जागा अठराव्या अध्यायात आहे: प्रमुख याजकाच्या अंगणात थंडी असल्यामुळे चाकरांनी निखारे पेटवले होते आणि पेत्र तिथे शेकत उभा होता, आणि तिथेच त्याने तीनदा सांगितले की मी त्याचा कोणी नाही. गुड फ्रायडेला योहानाचे दुःखसहन वाचले जाते, तेव्हा २९ मार्चला देवळात उभी राहून मी ते ऐकले होते. म्हणजे तीन शुक्रवार झाले होते. पहिल्या शुक्रवारी निखाऱ्यांशी नाकारणे, दुसऱ्या शुक्रवारी निखाऱ्यांवरची न्याहारी, आणि तिसऱ्या शुक्रवारी प्रश्न. ज्याला नाकारले गेले त्यानेच आधी उठून भाकर भाजली, नाकारणाऱ्याला पोटभर खाऊ घातले, आणि विचारायचे ते नंतर विचारले. मला भाकरी मिळाली होती. मी ती खाल्ली होती आणि डबा घासून ठेवला होता.

शनिवारी मला सुट्टी होती. आपल्याकडे कोणाचा डबा रिकामा परत करीत नाहीत. घरात कापा फणस फोडला होता, त्याचे गरे मी डब्यात भरले आणि दुपारी चारच्या सुमारास माहेरी गेले. वहिनी ओट्यावर नव्हत्या. आतून शिलाई मशीनचा आवाज येत होता, आणि तो ऐकून मी दारातच थांबले, कारण ते मशीन बंद होऊन दोन वर्षांहून अधिक काळ झाला होता. वहिनी आईच्या खोलीत, आईच्या खुर्चीवर बसून पांढरे सॅटिन शिवत होत्या. पुढच्या रविवारी गावातल्या मुलांचा प्रथम ख्रिस्तप्रसाद होता आणि पाच झगे त्यांच्याकडे आले होते. आईने अंथरुणावरून त्यांना कापायला शिकवले होते, हे मला माहीत नव्हते. विचारले असते तर कळले असते.

मी तयार करून नेलेली वाक्ये मला आठवली नाहीत. ‘वहिनी, त्या दिवशी मी जे बोलले ते खरे नव्हते, आणि बोलतानाही मला ते माहीत होते,’ एवढेच मी म्हटले.

त्यांनी मशीन थांबवले. बराच वेळ त्या हातातल्या कापडाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘मला फार लागले होते. अजून लागते. दादालाही तू काही विचारले नाहीस.’ मी होय म्हटले. त्यांनी मला क्षमा केली, असे त्या म्हणाल्या नाहीत आणि मीही विचारले नाही. थोड्या वेळाने त्यांनी डबा उघडून पाहिला, एक गरा मला दिला, एक स्वतः घेतला, आणि म्हणाल्या, ‘दादा सातच्या गाडीने येतो. जेवायला राहा.’

मी राहिले. दादाशी त्या रात्री फार बोलणे झाले नाही; ते पुढच्या काही महिन्यांत हळूहळू झाले, आणि त्यातले सगळे इथे लिहिण्याजोगे नाही.

रविवारी पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण झाला आणि पन्नास दिवस वेदीजवळ असलेली पुनरुत्थानाची मेणबत्ती स्नानसंस्काराच्या कुंडाशेजारी नेऊन ठेवली. माझा नेम तिथे संपत होता. सोमवारी, २० मे रोजी, आमच्या भागात लोकसभेचे मतदान असल्यामुळे सुट्टी होती. सकाळी मतदान करून मी माहेरी गेले, सोबत बायबल घेतले, आणि वहिनींना म्हटले, आजचे वाचन आपण दोघींनी वाचू या. पेंटेकॉस्टनंतरच्या सोमवारी ख्रिस्तसभेची माता पवित्र मरिया हिचे स्मरण असते. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ साली ते सुरू केले. त्यामुळे त्या दिवशीचे शुभवर्तमान योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायातले होते. पहिल्यांदा मी वाचले. दुसऱ्यांदा वहिनींनी वाचले, सावकाश, ओळीखाली बोट धरून. क्रुसाजवळ उभ्या असलेल्या शिष्याला प्रभू ‘ही पाहा, तुझी आई’ म्हणतो, तिथे त्या क्षणभर थांबल्या आणि पुढे वाचत गेल्या. मग आम्ही पाच मिनिटे गप्प बसलो. दोन झगे अजून व्हायचे होते. वहिनींनी मशीन सुरू केले आणि हूक लावायचे काम माझ्याकडे दिले.